थ्री-नॉट-थ्री

ज्या बंदुकीविषयी मी आज बोलणार आहे ती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे, पण तिच्याकडे निरखून पाहिलेले फार थोडे असतील. कोषागाराच्या ओसरीवर, रेल्वेच्या फलाटावर, मतदानाच्या दिवशी गावच्या शाळेच्या पायरीवर एखादा पोलीस शिपाई स्टुलावर बसलेला असावयाचा आणि त्याच्या गुडघ्याला टेकून एक अंगाने जाड, तेलपाण्याने काळपट झालेल्या लाकडाची रायफल उभी असावयाची. दफ्तरी तिचे नाव 'शॉर्ट मॅगझिन ली-एन्फील्ड'. लोकांनी मात्र तिला आकड्यानेच हाक मारली. मुलूख कोणताही असो, बोली कोणतीही असो, ती 'थ्री-नॉट-थ्री'.

मी मुलकी नोकर. बंदुकीशी माझा संबंध यावयाचा तो परवान्याच्या अर्जापुरता. तरी या एका बंदुकीचे कुतूहल मला लागले ते कॉलेजात असताना, राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात. आम्हांला शिकवायला साताऱ्याकडचे एक सुभेदार होते. पहिली गोळी झाडली आणि माझ्या खांद्याला असा तडाखा बसला की निशाण कोठे राहिले याचेही भान उरले नाही. सुभेदार शांतपणे म्हणाले, "पोरा, घट्ट धरलीस तर ती नुसती ढकलंल, सैल धरलीस तर मारंल." खांद्यावरचा निळा डाग आठ दिवस राहिला. ते वाक्य मात्र अजून राहिले आहे.

प्रथम आकड्याचा उलगडा करू. इंचाचे हजार भाग केले तर त्यांतील तीनशे तीन भाग एवढी या नळीच्या पोकळीची रुंदी. आजच्या मापाने ७.७ मिलिमीटर. नावातला 'ली' म्हणजे जेम्स पॅरिस ली. हा स्कॉटलंडात जन्मला, कॅनडात वाढला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाला. घड्याळजीच्या घरचा मुलगा, स्वतःही तेच काम शिकलेला. त्याची बंदूक उघडून पाहिली की हे लक्षात येते. तिच्यात घड्याळजीची काटकसर आहे. 'एन्फील्ड' हे लंडनच्या उत्तरेकडील सरकारी शस्त्र-कारखान्याचे गाव. १८८८ साली लीची यंत्ररचना आणि मेटफर्ड नावाच्या अभियंत्याने नळीच्या आत पाडलेले उथळ पीळ यांचा संयोग होऊन 'ली-मेटफर्ड' निघाली. परंतु कॉर्डाइट नावाची नवी बिनधुराची दारू वापरात आली आणि तिच्या उष्णतेने ते उथळ पीळ झपाट्याने झिजू लागले. तेव्हा एन्फील्डच्या कारागिरांनी खोल, चौकोनी काठांचे पाच पीळ पाडले आणि १८९५ साली 'ली-एन्फील्ड' जन्मली. पुढे दक्षिण आफ्रिकेतील युद्धात बोअर शेतकऱ्यांच्या हातातील जर्मन माउझर रायफलींनी इंग्रजांचे डोळे उघडले. मग नळी आखूड झाली, पाचपाच काडतुसांची पट्टी एका दाबाने आत ढकलण्याची सोय झाली, आणि १९०७ मध्ये 'मार्क तीन' हा प्रकार सिद्ध झाला. आपण पाहिली ती बहुधा हीच.

शस्त्रांच्या शौकिनांत माउझर श्रेष्ठ की ली, हा वाद शंभर वर्षे चालू आहे. माउझरचा बोल्ट पुढच्या बाजूला, काडतुसाच्या अगदी मागे अडकतो. म्हणून ती रचना अधिक बळकट. लीचा बोल्ट मागे अडकतो. पुस्तकी हिशेबाने हे उणे. परंतु त्यामुळेच लीचा बोल्ट कमी मागे ओढावा लागतो, त्याचा दांडा थोडाच वर उचलावा लागतो, आणि सरावलेला शिपाई डोळा निशाणावरून न हलवता पुन्हा गोळी भरू शकतो. त्यातून मॅगझिनमध्ये दहा काडतुसे, माउझरमध्ये पाच. इंग्रज पायदळाचा शिपाई मिनिटाला पंधरा गोळ्या तीनशे यार्डांवरील निशाणावर नेम धरून मारीत असे. २३ ऑगस्ट १९१४ रोजी बेल्जममधील मॉन्स येथे जर्मनांना समोर मशीनगनच आहेत असा भास झाला, असे सांगतात. गोष्ट थोडी फुगवलेली असेल, पण ज्याने हा बोल्ट चालवला आहे त्याला ती अगदीच अशक्य वाटत नाही. चिखल, धूळ, पावसाळा, यांतले काहीही हिला अडवीत नाही. माझे मत विचाराल तर शिकारीला माउझर आणि शिपायाला ली.

ही बंदूक आपल्या देशात कोणाच्या हाती, केव्हा आणि का आली, हे समजून घ्यावयाचे तर तिच्या आजीपर्यंत मागे जावे लागते. ती आजी म्हणजे १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल, तोंडाकडून ठासावयाची. तिचे कागदी काडतूस दाताने फाडावे लागे आणि त्याला वंगण लावलेले असे. १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या दमदम येथे, जेथे ही रायफल चालविण्याचे शिक्षण दिले जात होते, त्या वंगणाविषयीची कुजबुज प्रथम उठली. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. याच दमदमच्या कारखान्यात चाळीस वर्षांनी थ्री-नॉट-थ्रीच्या गोळीचे टोक उघडे, मऊ ठेवून ती शरीरात पसरेल अशी केली गेली, आणि १८९९ साली हेगच्या परिषदेने तशा गोळ्यांना बंदी घातली. एका बंगाली उपनगराचे नाव जगाच्या शब्दकोशांत गेले ते असे.

१८५७ चे ज्ञात परिणाम अनेक. त्यांतला एक मात्र कमी बोलला जातो. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी देशी पलटणींसाठी मुद्दाम एक बंदूक करवली. दिसायला एन्फील्डच, पण नळीतले पीळ नाहीसे केलेले. पिळाशिवाय गोळी फिरत नाही, फिरली नाही की सरळ जात नाही. म्हणजे शिपायाच्या हाती बंदूक तर द्यावयाची, पण शंभर पावलांपलीकडे तिचा भरवसा राहू नये अशी. तेव्हापासून एक अलिखित दंडक पडला: देशी शिपाई गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी मागे. ब्रिटनने १८६६ मध्ये मागून काडतूस भरावयाची स्नायडर स्वीकारली आणि १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे मोठा पराभव झाला. त्या रणावर गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी होती आणि शेजारीच लढणाऱ्या मुंबई इलाख्याच्या देशी पलटणींकडे स्नायडर. गोऱ्यांच्या हाती ली-मेटफर्ड आली तेव्हा मार्टिनी उतरून देशी शिपायांकडे आली. धाकट्या भावाने थोरल्याचे कपडे घालावेत तसा हा प्रकार. फरक एवढाच की धाकट्याला उद्या मोठे होऊ द्यावयाचे नव्हते.

पहिल्या महायुद्धाने या दंडकाला तात्पुरता खो दिला. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी सैन्याची तुकडी फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरली, तेव्हा तिच्याजवळच्या जुन्या रायफली तेथेच काढून घेऊन नव्या हाती दिल्या गेल्या, कारण नव्या टोकदार गोळीचे काडतूस जुन्या रायफलींच्या सोयीचे नव्हते. ज्या रायफलीशी वर्षानुवर्षे हाताची मैत्री झाली ती बंदरात ठेवून, अनोळखी बंदूक घेऊन ही माणसे महिनाभरात फ्लँडर्सच्या चिखलात उभी राहिली.

आणि पाच वर्षांनी, १३ एप्रिल १९१९ रोजी, हीच बंदूक अमृतसरला जालियनवाला बागेत आपल्या लोकांवर चालली. चालविणारे हिंदी फौजेतलेच शिपाई होते, हुकूम डायरचा. हंटर समितीपुढे आलेले आकडे मी एकदा कागदावर मांडून पाहिले. रायफलधारी शिपाई पन्नास, झाडलेल्या गोळ्या १६५०, वेळ सुमारे दहा मिनिटे. म्हणजे माणशी तेहतीस गोळ्या, मिनिटाला तीन. जी बंदूक मिनिटाला पंधरा गोळ्या झाडते, ती तीनच झाडते, तेव्हा तेथे घाईगडबड नव्हती. माणूस निवडून, नेम धरून, सावकाश झाडल्या गेल्या. यंत्राची माहिती असली की सरकारी अहवालातला एक रुक्ष आकडा कधीकधी असे काही सांगून जातो.

हिचा भारतीय जन्म हुगळीच्या काठी इछापूर येथे झाला. तेथे पूर्वी तोफेच्या दारूचा कारखाना होता. १९०४ साली रायफलींचा कारखाना उभा राहिला. इछापूरची रायफल ओळखण्याची खूण जाणत्यांना ठाऊक असते. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला एक स्क्रू असतो. दमट हवेत लाकूड फाटू नये म्हणून. हातात धरण्याच्या जागी, बोल्टच्या मुळाशी, पोलादी पट्ट्यावर मुकुट, त्याखाली बादशहाची इंग्रजी आद्याक्षरे, आणि साल. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह. बाकी सारे तेच: तोच स्क्रू, तीच दहा काडतुसे, तोच खांद्याला तडाखा.

पण सर्वांनाच ही मिळत नसे. पोलीस आणि तुरुंगाचे पहारेकरी यांच्यासाठी इछापुराने याच रायफलीची एक वेगळी बंदूक केली. नळीतले पीळ कोरून काढले, नळी रुंद केली, आणि मॅगझिनच्या पोकळीत लाकडाचा ठोकळा बसवला, म्हणजे एका वेळी एकच काडतूस. तिला '४१० मस्केट' म्हणत. १८५८ च्या युक्तीची ही नातवंडच म्हणावयाची.

सामान्य नागरिकाची तर गोष्टच वेगळी. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगता येईना; युरोपियनांना मात्र सूट. काँग्रेसने १८८७ पासून या कायद्याविरुद्ध ठराव केले आणि १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला. ज्या बोअरची काडतुसे फौजेत चालत, तो बोअर खासगी माणसाला वर्ज्य, असाही नियम झाला. चोरलेली सरकारी काडतुसे खासगी बंदुकीत चालू नयेत हा त्यामागचा हेतू. मार्टिनीचा बोअर साडेचारशेचा, म्हणून १९०७ च्या सुमारास त्या मापावर हिंदुस्थानात बंदी आली. तेव्हा इंग्लंडमधील नामांकित बंदूक-कारागिरांनी हत्ती-वाघाच्या शिकारीसाठी रातोरात चारशे सत्तर, चारशे पासष्ट अशी नवी मापे काढली. आफ्रिकेत आजही ज्या दुनळी रायफलींची थोरवी गाइली जाते, त्यांचे माप आपल्या एका सरकारी अधिसूचनेने ठरवले आहे, हे शिकाऱ्यांच्या ध्यानात नसते. थ्री-नॉट-थ्रीही अर्थात वर्ज्य; म्हणून आपल्या सरकारी कारखान्यांनी खासगी परवानेदारांसाठी ३१५ बोअरची रायफल काढली, जिचे काडतूस मूळ ऑस्ट्रियाच्या जुन्या लष्करी काडतुसाच्या मापाचे. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र-अधिनियम आला, १९६२ पासून अंमलात आला, गोऱ्या-काळ्याचा भेद गेला. पण वर्ज्य बोअरांच्या यादीत थ्री-नॉट-थ्री राहिली आणि तिच्याबरोबर ४१० मस्केटही राहिली. शेतकऱ्याला पिकाच्या राखणीसाठी मिळते ती ठासणीची बंदूक, म्हणजे १८५७ च्याही अलीकडची नव्हे.

येथे एक विषयांतर करतो. जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, ती शेवटच्या क्षणी स्वतःची काडतुसे संपल्यामुळे तहसीलदाराच्या हातची बंदूक घेऊन. त्या बंदुकीची नळी आणि तिच्या मागचा भाग यांत चांगली फट होती, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. आमच्या महसूल खात्याने शिकारीच्या इतिहासाला केलेली मदत ती एवढीच, आणि तीही नादुरुस्त.

१९४७ नंतर तो जुना दंडक मोडावयास हवा होता. अविश्वास संपला होता. राज्य आपले, शिपाई आपला. पण अविश्वासाची जागा काटकसरीने घेतली. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मध्ये चिनी सैनिकांच्या हाती आपोआप काडतूस भरणाऱ्या रायफली होत्या. आपले बहुसंख्य जवान बोल्ट ओढीत होते. लडाखात रेझांग ला येथे १८ नोव्हेंबरला मेजर शैतानसिंग यांच्या १३ कुमाऊँच्या कंपनीने शेवटच्या काडतुसापर्यंत झुंज दिली. शंभराहून अधिक जवान पडले. दुसऱ्या वर्षी शोध घेणाऱ्यांना ते बर्फात, आपल्या मोर्च्यांतच सापडले, कित्येकांच्या हातांत शस्त्रे तशीच. त्यांच्या शौर्याचे आपण स्मारक केले, ते योग्यच झाले. पण शौर्याचे कौतुक करताना बंदुकीचा प्रश्न विचारावयाचा राहून जातो, हीही आपली जुनी सवय आहे.

त्यानंतर सेनेला स्वयंभरणाच्या ७.६२ मिलिमीटरच्या रायफली मिळाल्या. इछापुराने ली-एन्फील्डचीच एक धाकटी बहीण नव्या मापात, नव्या पोलादात घडवली. आणि सेनेच्या हातातून उतरलेल्या थ्री-नॉट-थ्री पोलिसांकडे गेल्या. धाकट्या भावाला थोरल्याचे कपडे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन माणसे एके-४७ घेऊन आली. पन्नासाहून अधिक प्रवासी तेथे मारले गेले. पहाऱ्यावरच्या पोलिसांजवळ थ्री-नॉट-थ्री होत्या, कित्येकांजवळ केवळ काठ्या. रेल्वे संरक्षण दलाच्या एका हवालदाराने शेजारच्या शिपायाच्या हातची रायफल हिसकावून गोळी झाडली. पण बाकीच्या रायफली बहुतांशी गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून सर्वांनी दोष त्या जुन्या बंदुकीला दिला. तो अर्धाच खरा आहे. फलाटाच्या दुसऱ्या टोकावरून उभ्या माणसाला टिपणे हे थ्री-नॉट-थ्रीला मुळीच अवघड नाही. तिने त्याच्या तिप्पट अंतरावरून ते काम दोन महायुद्धांत केले आहे. अवघड आहे ते ज्याने वर्षानुवर्षे एकही गोळी झाडलेली नाही अशा माणसाने, चहूकडे धावणाऱ्या बायकामुलांतून, समोरून गोळ्यांचा वर्षाव होत असता, ते करणे. प्रशिक्षण संपल्यापासून ज्यांनी चाप ओढलेला नाही असे शिपाई मी स्वतः पाहिले आहेत.

आणि येथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुंबईच्या त्या रात्रीनंतर चारच वर्षांनी माझ्या टेबलावर एक धारिका आली. पोलिसांच्या सरावासाठी काडतुसे वाढवून मिळावीत, एवढीच मागणी. रक्कम मोठी नव्हती. मी ती काळजीपूर्वक वाचली, मागील तीन वर्षांच्या खर्चाचा तपशील मागवला, तो आल्यावर त्यातली एक विसंगती दाखवून धारिका परत पाठवली आणि ती पुन्हा आली तेव्हा मार्च संपत आला होता. 'पुढील आर्थिक वर्षी विचार करावा', असा शेरा मी लिहिला. नियमाच्या दृष्टीने त्या शेऱ्यात काहीही चूक नव्हती. पुढील वर्षी माझी बदली झाली. धारिकेचे काय झाले हे मी विचारले नाही.

२६ जानेवारी २०२० रोजी उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी थ्री-नॉट-थ्रीला अधिकृत निरोप दिला. मी तेव्हा त्या राज्यातील एका जिल्ह्याच्या गावी कामानिमित्त होतो आणि पोलीस मैदानावरच्या संचलनाला गेलो होतो. धुके होते. रायफलींनी शेवटची सलामी दिली आणि मंडळी चहाकडे वळली. मी शस्त्रागाराकडे गेलो. तेथे रांगेत उभे राहून शिपाई आपापली रायफल परत करीत होते. एका प्रौढ हवालदाराने आपली रायफल कारकुनापुढे ठेवण्यापूर्वी बोल्ट ओढून नळी रिकामी असल्याची खात्री केली, तीनदा, शिकवल्याप्रमाणे; मग खिशातून रुमाल काढून दस्ता पुसला. कारकुनाने क्रमांक मोठ्याने वाचला. पट्ट्यावर मुकुट होता, बादशहाची अक्षरे होती आणि १९४३ साल होते.

"किती वर्षे होती तुमच्याकडे?" मी विचारले.

"साहेब, ही एकवीस वर्षे. हिच्याआधी दुसरी होती."

"आणि गोळ्या किती झाडल्या असतील?"

त्याने प्रामाणिकपणे हिशेब केला. "पन्नास-साठ होतील. त्यांतली चार-पाच काडतुसे उडालीच नाहीत."

वहीत सही करून तो शेजारच्या खिडकीशी गेला. तेथे त्याला इन्सास रायफल मिळाली. सेनेने तिच्या जागी नव्या अमेरिकन बनावटीच्या रायफली घ्यावयास आदल्याच महिन्यात सुरुवात केली होती. हवालदाराने ती हातात तोलून पाहिली आणि हलकी आहे, असे म्हणाला.